प्रोस्टेटच्या लेसर ऑपरेशननंतर: यूरोबॅग आणि पॅड
कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या परिसरातल्या मेडिकलमधून दोन लिटरची यूरोबॅग (लघवी साठवायची पिशवी) घेताना आधी तोटी बघा. आडवी दांडी ढकलून उघडणारी तोटी वयस्कर बोटांना फार सोपी. ओढून काढायच्या टोपणाची घेऊच नका. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली टांगा, पण फरशीला टेकवू नका. दीड लिटरच्या आत रिकामी करा, नाहीतर वजनाने कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) ओढला जाऊन रक्त येतं. लघवी थांबली तर नळीला घडी पडलीय का बघा. नसेल तर रक्ताची गुठळी अडकली असू शकते, लगेच डॉक्टरांना फोन करा.

कॅथेटर काढल्यावर काही आठवडे थेंब गळू शकतात. त्याला पुरुषांचे पातळ पॅड बरे. जाड ओल्या डायपरने कातडी सोलते. मोपेड डॉक्टर सांगेपर्यंत बंद.