काचनळ्यांचा सोलर बंब समुद्राकाठी घ्यावा का?

चार माणसांच्या घराला 100 लिटरचा सोलर हीटर पुरतो. त्याला 58 मिमी जाडीच्या, 1800 मिमी लांबीच्या दहा नळ्या लागतात. ऑक्टोबर ते मे, दापोली असो की वेंगुर्ले, संध्याकाळपर्यंत पाणी कढत मिळतं. एवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. फक्त नळ्या मोजण्याआधी टाकी आणि स्टँड बघा, कारण खारा वारा आधी लोखंड खातो.

नळी म्हणजे लांबोडका थर्मासच. जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये दुहेरी भिंतीचं, मधली हवा काढलेलं भांडं बनवलं, तीच ही युक्ती. आतल्या काचेवरचा काळसर लेप ऊन पितो आणि मधल्या पोकळीमुळे ऊब बाहेर निसटत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार खाली उतरतं. पंप लागतच नाही. नळीच्या बंद टोकाला आरशासारखा चकचकीत चंदेरी डाग दिसतो. तो बेरियम या धातूचा. काचांमध्ये हवा शिरली की हाच डाग दुधासारखा पांढरा पडतो. माल उतरवून घेताना दहाही टोकं तपासा आणि पांढरं टोक असलेली नळी तिथेच परत करा.

टाकीचं तसं नाही, तिचा दोष वरून दिसत नाही. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर टाकीच्या 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलला गरम पाण्यातल्या मिठाने बारीक भोकं पडतात. तिथे आतून काचेचा मुलामा दिलेली, मॅग्नेशियमचा रॉड असलेली टाकी घ्या. रॉड स्टीलऐवजी स्वतः झिजतो, म्हणून वर्षातून एकदा काढून बघायचा आणि बारीक झाला असेल तर बदलायचा. स्टँड हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच हवा. जागेवर येऊन भोकं पाडली किंवा वेल्डिंग मारलं, तर गंज तिथूनच सुरू होतो.

पाण्यासकट वजन दीडशे किलोच्या वर जातं. कौलांवर ते टाकू नका. न्हाणीघराचा स्लॅब उत्तम. तोंड दक्षिणेला ठेवा आणि माडाखाली बसवू नका. सावलीचं एक वेळ चालेल, पण वरून नारळ पडला की नळी गेलीच. गार पाण्याची टाकी हीटरच्या टाकीपेक्षा उंच हवी आणि हीटरच्या टाकीचा हवेचा पाइप त्या गार टाकीतल्या पाण्याच्याही वर न्यायचा, नाहीतर गरम पाणी तिथूनच वाहून जातं. विहिरीचा पंप थेट हीटरला जोडायचा नाही, दाबाने टाकीचे जोड सुटतात.

पावसाळ्यात मात्र फार आशा नको. 27 अंशांचं 100 लिटर पाणी 60 अंशांवर न्यायला जवळपास चार युनिट वीज जाते, म्हणजे पाणी तापवणारी 2 किलोवॅटची विजेची कॉइल दोन तास. तेव्हा सोडणं-चुडतांवर, म्हणजे नारळाच्या सालींवर आणि माडाच्या सुक्या झावळ्यांवर चालणारा तांब्याचा बंब मोडीत घालू नका.

नळी फुटली तर टाकीतलं सगळं पाणी त्या भोकातून वाहून जातं. आधी गार पाण्याचा व्हॉल्व बंद करा. नवी नळी ऊन चढण्याआधी, पहाटे बसवा. सिलिकॉनच्या रिंगला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत वर सरकवायची. पाणीही तेव्हाच भरायचं. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं की काच तडकते.