पहिला उपग्रह पाठवायचाय? ट्रान्सपोर्टर, इलेक्ट्रॉन की पोएम

कॉलेजातला किंवा नव्या कंपनीतला एखादा चमू काही वर्षं खपून छोटा उपग्रह उभा करतो आणि मग रॉकेटची चौकशी सुरू होते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, किलोमागे दर किती? माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. आधी विचारा: आपल्या उपकरणाला कोणती कक्षा लागते? आणि त्यानंतर: स्वतंत्र उपग्रह खरोखर लागतोच का? पर्याय मुख्यतः तीन: स्पेसएक्सची सामायिक ट्रान्सपोर्टर फेरी, रॉकेट लॅबचं छोटं इलेक्ट्रॉन रॉकेट, किंवा इस्रोचं पोएम, जिथे उपग्रहाशिवाय नुसतं उपकरण पाठवता येतं.

तरी दरापासूनच बघू, कारण तिथला फरक डोळे दिपवणारा आहे. स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर फेऱ्यांमध्ये फाल्कन ९ रॉकेट एकाच वेळी डझनावारी उपग्रह नेतं. २४ जानेवारी २०२१ च्या पहिल्याच फेरीत १४३ उपग्रह गेले आणि इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या सी३७ या उड्डाणाचा १०४ उपग्रहांचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये ५० किलोपर्यंतच्या उपग्रहाला सुमारे सव्वातीन लाख डॉलर आणि त्यापुढे प्रत्येक किलोला साडेसहा हजार डॉलर असा भाव होता. तो कंपनीच्या संकेतस्थळावर उघड मांडलेला असतो. ओळखपाळख लागत नाही. मात्र तुमचा क्यूबसॅट (ठरावीक मापाच्या ठोकळ्यांचा छोटा उपग्रह) चार किलोचा असला तरी थेट गेल्यास ५० किलोचेच पैसे पडतात. म्हणून लहान चमू एक्झोलाँचसारख्या मध्यस्थांकडून जागा घेतात. मध्यस्थाचा भाव वेगळा असतो, तो लेखी मागून घ्या.

याउलट रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन. सूर्यसमकालिक, म्हणजे उपग्रह प्रत्येक ठिकाणावरून ठरलेल्या स्थानिक वेळी जाईल अशा कक्षेत हे रॉकेट साधारण २०० किलो नेतं आणि अख्ख्या उड्डाणाचा खर्च ७५ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त जातो. पूर्ण भरून नेलं तरी किलोमागे ट्रान्सपोर्टरच्या पाच-सहा पट पैसे मोजायचे. मग लोक ते का घेतात?

याचं सर्वांत बोलकं उत्तर नासाच्या ट्रॉपिक्स मोहिमेत आहे. उष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळांवर छोट्या उपग्रहांनी वारंवार नजर ठेवायची, हे तिचं काम. ट्रान्सपोर्टरची नेहमीची सूर्यसमकालिक कक्षा जवळपास ध्रुवांवरून जाते. तिथून जमिनीचं निरीक्षण छान होतं, कारण उपग्रह प्रत्येक ठिकाणावरून ठरलेल्या स्थानिक वेळी जातो आणि आजचं छायाचित्र मागच्या महिन्यातल्याशी ताडून बघता येतं. पण अशा कक्षेतला उपग्रह विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यावरून घाईने निघून जातो. वादळ तासातासाला बदलतं. त्यासाठी विषुववृत्ताशी साधारण ३० अंशांचा कोन करणारी कक्षा हवी होती. जून २०२२ मध्ये अ‍ॅस्ट्रा कंपनीचं रॉकेट फसलं आणि ट्रॉपिक्सचे दोन उपग्रह नष्ट झाले. उरलेले चार नासाने इलेक्ट्रॉनकडे सोपवले आणि मे २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून दोन उड्डाणांत ते कक्षेत पोहोचले, अटलांटिकचा वादळी हंगाम सुरू व्हायच्या आत. कक्षाही आपली, वेळही आपली. जादा पैसे याचेच. एप्रिल २०२४ पासून स्पेसएक्सच्या बँडवॅगन फेऱ्या ४५ अंशांच्या आसपास जातात, त्यामुळे मधली सोय थोडी झाली आहे. ट्रॉपिक्ससारख्या गरजेला तीही पुरत नाही.

आणि इलेक्ट्रॉनही जुलै २०२०, मे २०२१ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अपयशी ठरलं होतं, हे विसरू नका.

आता आपलं घर. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजाचा जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे दोन्ही २०१६ साली पीएसएलव्हीनेच गेले. विद्यार्थ्यांनी हाताने जोडलेलं यंत्र कक्षेत पोहोचतं हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. पण मे २०२५ मध्ये सी६१ आणि जानेवारी २०२६ मध्ये सी६२ अशी पीएसएलव्हीची लागोपाठ दोन उड्डाणं तिसऱ्या टप्प्याच्या वेळी फसली. सी६२ वर सहप्रवासी उपग्रहही होते. पीएसएलव्ही पुन्हा सुरळीत उडेपर्यंत, वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा एकुलता एक उपग्रह मी तरी त्यावर ठेवणार नाही.

तरीही पहिल्यांदाच अवकाशात काही पाठवणाऱ्या चमूला मी आधी पोएमकडेच बघायला सांगेन. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, म्हणजे रॉकेटचा शेवटचा भाग, मुख्य उपग्रह सोडल्यावर निरुपयोगी होतो. इस्रोने त्यालाच सौर पॅनेल आणि दिशा स्थिर ठेवण्याची यंत्रणा दिली, तेच पोएम. वीज, दिशा, संदेशवहन सगळं तयार मिळतं. तुम्ही फक्त उपकरण बनवायचं. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर अशी २४ उपकरणं होती. इस्रोच्या प्रयोगात चवळीचं बी तिथे रुजलं, पानं फुटली. अ‍ॅमिटी विद्यापीठाच्या मुंबई शाखेने पालकावरचा प्रयोग पाठवला होता, तर मुंबईच्याच मनस्तू स्पेस या कंपनीने कमी विषारी इंधनावर चालणारं इंजिन.

मर्यादा आहेत. पोएम-४ सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर होतं आणि एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला वातावरणात शिरून संपलं, म्हणजे आयुष्य तीन महिन्यांचं. उपकरण परत मिळत नाही. भरवसाही शेवटी त्याच पीएसएलव्हीवर. पण उड्डाण फसलं तर एक उपकरण जातं आणि त्याची जुळी प्रत बनवणं आवाक्यातलं असतं. बॅटरी, रेडिओ, दिशानियंत्रणासकट अख्खा उपग्रह पुन्हा उभा करावा लागत नाही. सेन्सर, थ्रस्टर (उपग्रहाचं छोटं इंजिन), संगणक यांपैकी काही तपासायचं असेल तर हाच रस्ता. वर्षभर शेतजमिनीची छायाचित्रं विकायची असतील तर ट्रान्सपोर्टर. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचा ‘आनंद’ उपग्रह २०२२ मध्ये पीएसएलव्हीने गेला, पण जानेवारी २०२५ मधले पहिले तीन ‘फायरफ्लाय’ ट्रान्सपोर्टर-१२ ने. इलेक्ट्रॉनचा विचार मात्र विशिष्ट कक्षेशिवाय विदा कवडीमोल ठरणार असेल तरच करा.

परदेशातून उडवलं तरी इन-स्पेस या सरकारी संस्थेची परवानगी लागतेच. रेडिओ वारंवारतेची कागदपत्रंही वेळखाऊ असतात आणि त्यांत कक्षेची उंची आणि कल (विषुववृत्ताशी होणारा कोन) लिहावे लागतात. म्हणून रॉकेटवाल्यांना ईमेल धाडण्याआधी ते दोन आकडे पक्के करा.