मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बाहेरचा मेल अडतो तेव्हा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातली तक्रार ठरलेली असते: "त्यांनी मेल पाठवलाय, पण आपल्याकडे आला नाही." या एका वाक्यात चार निराळे बिघाड असू शकतात. मेल आपल्या सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलाच नाही, दारातून परत पाठवला गेला, आत घेऊन क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल वेगळे ठेवायच्या जागी) ठेवला गेला, किंवा मेलबॉक्समध्ये पडला पण माणसाला दिसत नाही. आठ महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं: फिल्टर दमदार आहे, माग काढायची साधनंही चांगली आहेत, पण यातला कुठला प्रकार आहे हे ठरवण्याआधीच सेटिंगला हात लावला तर घोळ वाढतो.

आधी मेसेज ट्रेस, म्हणजे मेल कुठून कुठे गेला त्याची नोंद. एक्सचेंज ॲडमिन सेंटर या मेल सांभाळायच्या पोर्टलमध्ये मेल फ्लोच्या खाली तो सापडतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यापेक्षा घेणाऱ्याचा पत्ता आणि वेळ टाकून शोधलेलं बरं, कारण बिलं किंवा ओटीपी पाठवणाऱ्या यंत्रणांचा पाकिटावरचा (सर्व्हर वापरतात तो) पत्ता आणि मेल उघडल्यावर आत दिसणारा पत्ता पुष्कळदा वेगळे असतात. माग ९० दिवसांपर्यंतचाच मिळतो.

ट्रेस रिकामा आला म्हणजे "मेल पाठवलाच नाही" असं समजू नका. दारातच नाकारलेले मेल ट्रेसमध्ये दिसत नाहीत. अशा वेळी पाठवणाऱ्याकडून बाउन्सचा, म्हणजे मेल परत आल्याच्या सूचनेचा, पूर्ण मजकूर मागवायचा. फोटो नको, मजकूर हवा. खरी माहिती त्यातल्या आकड्यांत असते.

५५० ५.७.५०९ दिसला तर पाठवणाऱ्याच्या डोमेनवर (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे तपासायचा नियम, 'रिजेक्ट'वर आहे आणि मेल त्या तपासणीत नापास झाला. नेहमीचं कारण म्हणजे त्यांनी नवं बिलिंग किंवा न्यूजलेटर सॉफ्टवेअर घेतलं, पण त्यासाठी डीकिम (मेलवरची डिजिटल सही) लावलं नाही. एसपीएफमध्ये (त्या डोमेनतर्फे कुणी मेल पाठवायचे त्या यादीत) इतके 'इन्क्लूड', म्हणजे दुसऱ्या याद्यांचे संदर्भ, भरले की १० डीएनएस लुकअपची (डोमेनच्या नोंदी शोधण्याची) मर्यादा ओलांडली, असंही होतं. दुरुस्ती त्यांच्या बाजूला आहे, तसं स्पष्ट कळवावं. ५.७.६०६ ते ५.७.६४९ मधला आकडा असेल तर त्यांच्या सर्व्हरचा आयपी पत्ता मायक्रोसॉफ्टच्या काळ्या यादीत आहे आणि तो काढण्याचा अर्ज त्यांनीच मायक्रोसॉफ्टच्या डीलिस्ट पोर्टलवर करायचा. ५.४.१ सोबत 'ॲक्सेस डिनाइड' असेल तर तो पत्ता आपल्या डिरेक्टरीतच (खात्यांच्या यादीत) नाही: स्पेलिंग चुकलं, खातं उडवलं किंवा सिंक झालं नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि सगळ्यात सोपा आकडा ५.७.१३३. 'इन्फो' किंवा 'अकाउंट्स' नावाचा ग्रुप केला की तो बाहेरच्यांचे मेल मुळातच घेत नाही. ग्रुपच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या पाठवणाऱ्यांना परवानगी दिली की काम झालं. नवा ग्रुप केला की लगेच जीमेलवरून एक चाचणी मेल टाकायची सवय लावा.

बाउन्सही नाही आणि ट्रेसही नाही, तर एमएक्स रेकॉर्ड (आपल्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचे ते सांगणारी नोंद) पाहा. जुन्या होस्टिंगचा एमएक्स राहून गेला असेल तर काही मेल तिकडेच जातात. वेबसाइट सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर ईमेल राउटिंग 'लोकल' आहे का तेही तपासा. तसं असेल तर वेबसाइटच्या फॉर्मचे मेल त्या सर्व्हरबाहेर पडतच नाहीत, बाकी जगाचे मेल मात्र नीट येत राहतात. 'रिमोट' करा. हा बिघाड मायक्रोसॉफ्टच्या कुठल्याच पडद्यावर दिसणार नाही.

ट्रेस 'क्वारंटाइन्ड' म्हणत असेल तर डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पोर्टलमध्ये रिव्ह्यूखाली क्वारंटाइन उघडा. इथे कारण लिहिलेलं असतं. साधा स्पॅम असेल तर तो सहसा जंक फोल्डरमध्ये जातो, पक्कं फिशिंग (फसवून माहिती किंवा पैसे काढायचा प्रकार) ठरलेला मेल इथे येतो. एक्सई, आयएसओ, जार, डॉकएम असल्या जोडण्या 'कॉमन अटॅचमेंट फिल्टर'मुळे अडतात. तिथे झिप करूनही उपयोग नाही, फाइलचा दुवा मागवावा. खटकणारी गोष्ट ही की, मुळात ठेवलेल्या सेटिंगमध्ये मेल अडला हे वापरणाऱ्याला कळवलंच जात नाही. नोटिफिकेशन असलेली क्वारंटाइन पॉलिसी लावा आणि सूचना दर चार तासांनी ठेवा. मूळ अँटिस्पॅम पॉलिसीत मुदत १५ दिवस असते, ती ३० करा. दिवाळीला जोडून रजा घेणाऱ्यांचे मेल नाहीतर परत येईपर्यंत पुसले गेलेले असतात. पक्क्या फिशिंगचे मेल वापरणाऱ्याला स्वतः सोडवता येत नाहीत, फार तर विनंती करता येते. हे बंधन योग्यच आहे.

आता सगळ्यांचा लाडका उपाय: ग्राहकाचं डोमेन अँटिस्पॅम पॉलिसीच्या 'अलाउड' यादीत टाकणं. करू नका. त्या नावाने आलेला बनावट मेलही मग बहुतेक तपासण्या चुकवून आत येतो, आणि स्वतःचंच डोमेन टाकलं तर साहेबांच्या नावाने पैसे मागणाऱ्याला दार सताड उघडं. त्याऐवजी अडलेला मेल डिफेंडर पोर्टलच्या 'सबमिशन'मधून मायक्रोसॉफ्टकडे निर्दोष म्हणून पाठवा आणि तिथूनच परवानगी द्या. ती नोंद शेवटच्या वापरानंतर ४५ दिवसांनी आपोआप निघून जाते. कायमचा नियम हवाच असेल तर मेल फ्लो रूलमध्ये डोमेनसोबत डीमार्क पास झाल्याची अट घाला.

ट्रेस 'डिलिव्हर्ड' सांगतो आणि माणूस 'नाही' म्हणतो, तेव्हा आउटलुकमधले नियम, फोकस्ड इनबॉक्सचा 'अदर' टॅब आणि ब्लॉक केलेल्यांची यादी पाहा. पोचलेला मेल नंतर घातक ठरल्यावर झॅप नावाची सोय तो परत उचलते. सकाळी दिसलेला मेल दुपारी गायब होतो तो त्यामुळे. माणूस खोटं बोलत नसतो.

मेसेज ट्रेस आणि क्वारंटाइन साध्या प्लॅनमध्येही मिळतात. थ्रेट एक्सप्लोरर या सखोल तपासाच्या साधनासाठी डिफेंडरचा प्लॅन २ लागतो, पण वर लिहिलेल्या कामांसाठी तो घेण्याची गरज नाही.