धारेवरच्या पावसासाठी तीन थरांचे जाकीट: दोन हंगामांच्या वापरानंतर

पावसाळी जाकिटाची परीक्षा बहुतेक वेळा ‘पाणी आत आले का’ या एकाच प्रश्नावर संपते. दोन हंगाम हे जाकीट वापरल्यावर तो प्रश्न मला अपुरा वाटू लागला आहे. डोंगरधारेवर हवा तासाभरात तीन-चार वेळा पालटते, त्यामुळे जाकीट किती लवकर आणि किती कमी खटपटीत चढवता, उतरवता, अर्धे उघडता आणि पुन्हा मिटता येते, याला मी सर्वांत जास्त गुण देते. या कसोटीला माझे जाकीट बऱ्याच अंशी उतरले आणि काही ठिकाणी स्पष्टपणे कमी पडले. अशाच रचनेची जाकिटे अनेक उत्पादक बनवतात, म्हणून येथे नावापेक्षा रचनेबद्दलच लिहिते.

बाहेर घट्ट विणीचे नायलॉन, मध्ये सूक्ष्म छिद्रांचा अतिशय पातळ पापुद्रा आणि आत तो पापुद्रा घासून खराब होऊ नये म्हणून बारीक विणीचे अस्तर, असे हे तीन थर एकमेकांना चिकटवलेले आहेत. शिवणींच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून आतून सर्व शिवणींवर पट्ट्या बसवलेल्या आहेत. या प्रकारच्या पापुद्र्याचा उगम 1969 सालचा आहे. त्या वर्षी अमेरिकन रसायन-अभियंता बॉब गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचे पॉलिमर तापवून झटक्यात ताणल्यास ते तुटण्याऐवजी सच्छिद्र होते, असे आढळले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला शिरता येणार नाही इतकी लहान आणि वाफेच्या रेणूला सहज जाता येईल इतकी मोठी असतात. माझ्या जाकिटावर 20,000 मिलिमीटर असा आकडा छापलेला आहे. त्याचा अर्थ असा की कापडावर तेवढ्या उंचीच्या, म्हणजे 20 मीटरच्या, पाण्याच्या स्तंभाइतका दाब येईपर्यंत ते गळणार नाही. सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात तिथेही दोन हंगामांत पाणी झिरपले नाही, तेव्हा त्या आकड्याबद्दल माझी तक्रार नाही.

कापड ‘श्वास घेते’ या दाव्याबद्दल मात्र आहे. वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पदाबाच्या फरकामुळे. धार ढगात गेली की बाहेरची हवा बाष्पाने संपृक्त असते आणि हा फरक घटतो. त्याच वेळी चढणीवर शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. एवढा घाम त्या पापुद्र्यातून पार होत नाही, तो अस्तरावर साचतो, आणि नवखा माणूस जाकीट गळते आहे असे समजतो. मीही पहिल्या दिवशी तसेच समजले होते. यावर या जाकिटात असलेला उपाय साधा आहे: दोन्ही काखांत वीतभर लांबीच्या चेन. पाऊस चालू असतानाही त्या उघड्या ठेवता येतात, कारण पाणी हाताखालच्या त्या जागेत सहसा पोहोचत नाही. पापुद्र्याच्या गुणवत्तेवर उत्पादक जितके बोलतात त्याच्या निम्मे जरी या दोन चेनबद्दल बोलले असते, तरी ग्राहकांचे अधिक भले झाले असते.

ज्या दिवशी हे सगळे मला नीट कळले, तो दिवस एका लांब, उघड्या धारेवरचा होता. पायथ्याशी ऊन होते. उंचीबरोबर तापमान साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरते, हे ठाऊक असूनही वर पोहोचेपर्यंत ते अंगाला जाणवले नाही, कारण वाट वाऱ्याच्या आडोशाने जात होती. खिंडीत पाऊल टाकले आणि वारा अंगावर आला. डोंगराला अडलेली हवा धारेवरून ओलांडताना दाटते आणि वेग घेते, आणि खिंडीसारख्या अरुंद जागी तर अधिकच. शिवाय वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अशा जागी जाकीट चढवायला घेतले तर त्याचे शीड होते. तेव्हापासून खिंडीच्या अलीकडे, आडोशातच जाकीट अंगात घालून, छातीपर्यंत चेन ओढून आणि काखा उघड्या ठेवून पुढे जाण्याची सवय मी लावून घेतली आहे.

त्याच दिवशी हूडची परीक्षा झाली. मागच्या बाजूला एक आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा तीन दोऱ्यांनी ते डोक्यावर असे बसते की मान वळवली की हूडही वळते आणि डोळ्यांसमोर कापड येत नाही. धार अरुंद असताना, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला निसरडा उतार असताना, हे सुखसोयीपुरते राहत नाही. पुढची झापड ताठ असल्यामुळे आडव्या पावसातही पायाखालचा कातळ दिसत राहिला. एक मोठी उणीव येथेच नोंदवते: हूड घट्ट केल्यावर कापडाच्या फडफडीत बाकी काही ऐकू येत नाही. सोबत्यांच्या हाका तर नाहीतच, गडगडाटही नाही. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जवळ असते आणि धार सोडून खाली उतरणे भाग असते. तो आवाज ऐकण्यासाठी मी आकाश काळवंडले की अधूनमधून हूड मागे टाकते, मग डोके भिजले तरी चालेल.

खिशांची जागा चांगली निवडली आहे. दोन्ही खिसे छातीच्या उंचीवर असल्याने सॅकचा कमरपट्टा बांधूनही नकाशा हाताला लागतो. झाकणांना चुंबक नाहीत हेही मला महत्त्वाचे वाटते, कारण धुक्यात छातीशी धरलेल्या होकायंत्राची सुई लहानशा चुंबकानेही भरकटू शकते. चेनच्या टोकांना लावलेल्या दोऱ्या हातमोजे घालूनही पकडता येतात. हनुवटीजवळची चेन मात्र अस्तरात वारंवार अडकते, आणि कातळावर हात उंच केले की जाकीट कमरपट्ट्यातून वर सरकून पाठीचा खालचा भाग उघडा पडतो. आणखी चार बोटे लांबी दिली असती तर हा दोष राहिला नसता.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर बाहेरचे कापड पाणी पिऊ लागले. पापुद्रा शाबूत होता, पण थेंब ओघळून जावेत म्हणून वरच्या कापडावर असलेला लेप मळ आणि तेलकटपणामुळे निकामी झाला होता. ओल्या कापडामागून वाफ जवळजवळ बाहेर जात नाही आणि जाकीट गार व जड होते. सौम्य, मऊकरण द्रव्य नसलेल्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून आणि लेबलवर सांगितल्याप्रमाणे मंद उष्णतेवर वाळवल्यावर थेंब पुन्हा ओघळू लागले. कितीतरी जाकिटे केवळ ही धुलाई न झाल्यामुळे टाकून दिली जात असतील, याची मला खंत वाटते.

झाडीतल्या, आडोशाच्या वाटांवर चालणाऱ्यांना हे जाकीट घेण्याची गरज नाही. तिथे हलका, सैल पॉन्चो अधिक हवेशीर पडतो. उघड्या धारेवर वर्षातून अनेकदा जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, पण घेण्यापूर्वी आत उबदार थर घालून, भरलेली सॅक पाठीवर लावून आणि कमरपट्टा आवळून दोन्ही हात डोक्यावर उंच करून पाहावेत. पाठ उघडी पडली तर एक माप मोठे मागावे.