हायड्रोमीटर घेतला आणि बाटल्या भरायची घाई थांबली
प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून काचेचा हायड्रोमीटर घेतला, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी. सोबत उंच मेजरिंग सिलिंडर पण घ्या, नाहीतर हायड्रोमीटर तळाला टेकतो आणि रीडिंग चुकतं. घरी स्ट्राँग एल (जास्त अल्कोहोलची बिअर) करणाऱ्यांनी हा घ्यायलाच हवा. आधी मी एअरलॉकचे (फर्मेंटरवरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले की दहाव्या दिवशीच बाटल्या भरायचो, मग एकदा रात्री आत गॅस साठून किचनमध्ये दोन बाटल्या फुटल्या, काचा पार फ्रिजखाली गेल्या, तेव्हापासून अंदाजावर काहीच करत नाही.

यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तसं रीडिंग उतरतं. या बॅचचं सुरुवातीचं रीडिंग १.०८० (साधं पाणी १.०००). बाराव्या दिवशी १.०२६, बुडबुडे जवळपास बंद, आणि तरी तीन आठवड्यांनी ते १.०१८ पर्यंत उतरलं! म्हणजे साधारण ८ टक्के अल्कोहोल. सलग तीन दिवस तेच रीडिंग आलं तेव्हाच फेसासाठी लिटरला ५-६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. एवढ्या जड एलला तीन-चार आठवडे द्याच, शेवटी शेवटी यीस्ट दमतं आणि हळू चालतं. बाटलीतही दोन-तीन महिने राहू द्या.

एक लक्षात ठेवा, माझा हायड्रोमीटर २० अंशांना कॅलिब्रेट केलेलाय, आपल्या मुंबईच्या ३० अंशांत तो सुमारे ०.००२ कमी दाखवतो, तेवढे मिळवायचे. फर्मेंटर मात्र एसीच्या खोलीतच, उकाड्यात घशाला झोंबणारी चव येते. घेतल्यावर आधी २० अंशांच्या साध्या पाण्यात टाकून बघा, १.००० आलं नाही तर लगेच बदलून घ्या.