‘होम इन’ की ‘होन इन’: मेरियम-वेब्स्टरच्या एका नोंदीविषयी

इंग्रजीत ‘होम इन ऑन’ (home in on) लिहावे की ‘होन इन ऑन’ (hone in on), या वादात ज्याला निकाल हवा आहे, त्याने मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाच्या मोफत संकेतस्थळावरील ‘होन इन’ची नोंद वाचावी, मात्र तेथे निकालापेक्षा साक्षीपुरावाच अधिक मिळेल. लक्ष्याकडे सरकणे किंवा एखाद्या गोष्टीवर लक्ष एकवटणे असा अर्थ देऊन ही नोंद थांबत नाही. ‘होम’मधला ‘म’ बोलताना दुबळा होऊन ‘न’ झाला असावा, किंवा धार लावणे या अर्थाच्या ‘होन’ची छाया त्यावर पडली असावी, अशा दोन्ही शक्यता सोबतच्या टिपेत दिल्या आहेत. मला दुसरी अधिक पटते, कारण धारेने टोक अणकुचीदार होते तसे लक्षही एका बिंदूवर येते, ही कल्पना सहज सुचण्याजोगी आहे. उलट ‘होम इन’मागचे, दूर सोडले तरी खुराड्याकडे म्हणजे घराकडे (‘होम’) परतणारे कबूतर आज कितीजणांच्या डोळ्यांसमोर येते?

टिपेचे खरे मोल तिच्या शेवटी आहे. ‘होन इन’ अमेरिकी इंग्रजीत रुळलेले दिसत असले तरी, विशेषतः लेखनात, ते चूक ठरवले जाण्याचा संभव आहे, असे ती बजावते आणि ‘होम इन’ किंवा ‘झीरो इन’ सुचवते. ही सावधगिरी अनाठायी नाही. 1980 च्या अध्यक्षीय प्रचारात थोरल्या जॉर्ज बुश यांनी हा प्रयोग केला, तेव्हा स्तंभलेखिका मेरी मॅकग्रोरी यांच्या नजरेतून तो सुटला नव्हता. प्रचलित रूप नोंदवायचे, पण त्यावरचा आक्षेपही लपवायचा नाही, हे या कोशाचे धोरण मला प्रामाणिक वाटते. ‘एन्ट’सारख्या (ain't, म्हणजे ‘नाही’ या अर्थाचे अशिष्ट मानले जाणारे रूप) शब्दाची नोंद पुरेशा निषेधाविना केल्याबद्दल 1961 च्या तिसऱ्या आवृत्तीवर केवढे काहूर उठले होते!

उणिवाही आहेत. वृत्तपत्रांतून यंत्राने वेचलेली उदाहरणवाक्ये शिकणाऱ्याला अनेकदा लांबलचक आणि संदर्भहीन वाटतात. शिवाय टीप न वाचता केवळ अर्थावरून नजर फिरवणाऱ्याला दोन्ही रूपे सारखीच मान्य असल्याचा भास होईल. वाक्यातील चूक ओळखण्याचे प्रश्न सोडवणाऱ्या आपल्याकडील स्पर्धा परीक्षार्थींना हा भास महाग पडू शकतो. त्यांनी टिपेचे शेवटचे वाक्य आधी वाचावे आणि उत्तरपत्रिकेत ‘होम इन’च लिहावे.