स्कॉटलंडच्या बेटावर चालायचंय: अ‍ॅरन की स्काय?

स्कायचे फोटो पाहिले की बहुतेकांचं तिथेच ठरतं. पहिलीच खेप असेल तर मी अ‍ॅरन म्हणेन, आणि त्याचं मुख्य कारण एसटीसारखी धावणारी बस.

अ‍ॅरन कोस्टल वे म्हणजे बेटाची प्रदक्षिणा. ग्लासगोहून ट्रेन, मग तासाभराची बोट, की ब्रॉडिक. तिथून निघून साधारण १०५ किलोमीटर चालून परत ब्रॉडिकलाच. वाटेवर खुणा आहेत. उत्तरेचा सॅनॉक्सपुढचा टप्पा सोडला, तर गाडीरस्ता फारसा लांब राहत नाही. पाय बोलायला लागले की बसने मुक्काम गाठायचा.

म्हणून ही वाट लेचीपेची समजू नका. दक्षिणेला बेनन हेडच्या कड्याखाली वाट अशी नाहीच. फुटबॉलपासून फ्रिजएवढे धोंडे, वर बुळबुळीत शेवाळ, आणि भरती आली की तीही जागा पाण्याखाली. कोकणातला माणूस सुकती बघूनच खडपात उतरतो, तसंच इथे. वेळ चुकली तर कड्यावरून वळसा आहे. उत्तरेला लॉक्रॅन्झाजवळ मात्र रेंगाळा. खडकाचे खालचे थर एका बाजूला कललेले, वरचे दुसऱ्या. १७८७ मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटनने हेच पाहिलं, आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षांत मावणार नाही या विचाराला बळ मिळालं.

स्काय ट्रेल सुमारे १२८ किलोमीटर, रूबा हुनिश ते ब्रॉडफर्ड. खुणा नाहीत. उत्तरेच्या ट्रॉटर्निश डोंगरधारेचे कडे बघून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं, कारण तोही सह्याद्रीसारखा लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट. या ओळखीवर विसंबू नका. ती धार म्हणजे अठ्ठावीसेक किलोमीटरचा दिवस, मध्ये वस्ती नाही, आणि ढग उतरले की नकाशा-होकायंत्राशिवाय गत्यंतर नाही. एल्गोल गावाच्या अलीकडचा ट्रॅव्हर्स, म्हणजे उतारावरची आडवी वाट, अरुंद, खाली थेट समुद्र. एक्स्पोजरची, म्हणजे बाजूच्या उघड्या खोलीची, भीती असेल तर तो टाळाच.

खर्चात फार फरक पडू नये, कारण २००३ च्या कायद्यामुळे दोन्हीकडे मोकळ्या जागी तंबू ठोकता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये चावरी चिलटं जेवू देत नाहीत, तेव्हा मे गाठा.

नकाशा वाचणारा सोबती आणि ओल्या बुटांत आठवडा काढायची तयारी असेल, तर खुशाल स्काय. तिथे शेवटाकडे बोरेरेग लागतं. १८५३ मध्ये मेंढ्यांसाठी माणसं हुसकावून रिकामं केलेलं गाव. भिंती अजून उभ्या आहेत, आणि जवळून गाडीरस्ता जात नाही.